गोलामागचा पाट

आमच्या टीमच्या गोलकीपरला काढलं तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. तिठ्यावरच्या हॉटेलात लोक तावातावानं भांडत होते, आणि मी तोंडात गुळाचा खडा धरल्यासारखा गप्प. त्या माणसानं माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. त्यानं माझ्या बायकोला हसवलं. वीस वर्षं, दर आयतवारी, माझ्या डोळ्यांदेखत.

आमचं गाव पेडण्यात, इब्रामपूरच्या वाटेवर. मैदान वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर आहे. तांबडी माती, गवत नावाला. एका गोलामागे काजीची, म्हणजे काजूच्या झाडांची बाग, दुसऱ्या गोलामागे सरळ उतार आणि खाली ओहोळ. पूर्वी गोलाला जाळं नव्हतं. उताराकडच्या गोलात बॉल गेला की खेळ थांबायचा. कोणीतरी ओहोळात उतरून बॉल शोधून आणीस्तोवर बाकीचे विड्या ओढत बसायचे.

बायको मोरजीची. तिचा बाप रापणीवर होता. समुद्रात लांबलचक जाळं सोडून किनाऱ्यावरून पंधरा-वीस माणसं ओढतात, ती रापण. बाप गेल्यावर भावांनी होडी विकली, किनाऱ्यावर पर्यटकांसाठी शॅक घातला आणि जाळं माडाखाली उंदरांना सोडलं. ती म्हणाली, "तां जाळां आमच्या पोरांच्या गोलाक घालूया." मी तेव्हा दिचोलीला खाणीवर टिपर चालवत होतो. मालकाला न विचारता सुट्टीच्या दिवशी टिपर काढला, मोरजीला गेलो आणि जाळं घेऊन आलो. म्हणजे बघा, हे दुखणं मीच टिपरात घालून आणलं.

तिनं ते कापून दोन्ही गोलांपुरतं केलं. बॉल जोरात बसला की जुनं सूत तुटायचं. म्हणून मॅच असली की ती बांबूची सुई डाव्या हातात धरून गोलामागे बसायची. जेवायची उजव्या हातानं, पण जाळ्याला हात लावला की डावरी. बसायला घरचा पाट. पहिल्या वर्षी ती दोन पाट घेऊन यायची. मी म्हटलं, "गोलाच्या मागे बायलांसारखो कोण बसता?" आणि मधल्या रेषेवर माझ्या माणसांत जाऊन बसलो. मग ती एकच पाट आणू लागली.

हाफटाईमला टीमा बाजू बदलतात. आमचा गोलकीपर त्या टोकाला गेला की तीही पाट काखेला मारून मैदानातून चालत त्या टोकाला जायची. बाहेरगावचे रेफरी आधी हसायचे, मग त्यांना सवय झाली. बाई पाटावर टेकली, पदर सारखा केला, की मगच शिट्टी. आमच्या मैदानाचा तो नियमच होऊन गेला.

आणि मग दोघं बोलत. तो पुढे उभा, तोंड मैदानाकडे. ती मागे, जाळ्याआड. बॉल लांब असला की तो मान न वळवता काहीतरी बोलायचा आणि ती हसायची. घरी हसत नव्हती असं नाही, पण घरातलं हसणं बारीक, भांड्यांच्या आवाजात बुडणारं. सड्यावरचं हसणं मला मधल्या रेषेवर ऐकू यायचं. शेजारचे फाऊल फाऊल म्हणून ओरडत आणि माझे कान तिकडे. शब्द एकही कळायचा नाही.

तो माझ्या मुलीच्या वयाचा. पंप दुरुस्त करणारा, बायको-पोरांचा माणूस. वाईट-वंगाळ काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक. तेच तर दुखायचं. वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं. ती त्याला 'पुता' म्हणायची. मॅचच्या दिवशी मोठा बांगडा तीन तुकडे करून तळायची आणि मधला तुकडा पावाबरोबर केळीच्या पानात बांधून त्याच्यासाठी न्यायची. मला शेपटीकडचा. एकदा मी म्हटलं, "मधलो तुकडो आता गोलात जाता काय?"

ती म्हणाली, "तुमी काय अडवलात आजपर्यंत?"

मी शेपटी खाल्ली.

गेल्या वर्षी काजूचा हंगाम संपता संपता ती आजारी पडली. हॉस्पिटलात शेवटच्या आयतवारी संध्याकाळी तिनं डोळे उघडले. मला वाटलं, आता माझ्याशी दोन शब्द बोलेल. सावंतवाडीला दिलेल्या मुलीचं काही सांगेल, माझ्या जेवणाखाण्याचं काही विचारेल. ती म्हणाली, "आज मॅच होती मा? काय झालां?"

थोड्याच वेळापूर्वी गावातून फोन येऊन गेला होता. आम्ही जिंकलो होतो आणि त्यानं पेनल्टी अडवली होती. मी म्हटलं, "हरलो. तीन गोल खाल्ल्यान तुज्या पुतान."

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाळां फाटला असतला." त्यानंतर तिला नीट शुद्ध आली नाही. मंगळवारी गेली.

खोटं बोललो याचं मला त्या घटकेला वाईट वाटलं नाही. तेही लिहितो. बरं वाटलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. समोर सावरीच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आमच्याकडे समजतात की गेलेल्या माणसाच्या मनात काही अडकलं असेल तर कावळा शिवत नाही. कोणीतरी शब्द द्यावा लागतो. मी हात जोडले. म्हटलं, मुलीला दर चवथीला, गणपतीला माहेरी आणीन. कावळा नाही. म्हटलं, गाय विकणार नाही. नाही. म्हटलं, दारू सोडतो. एका कावळ्यानं मान फिरवली, त्यालाही पटलं नसणार. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले, म्हणाले दर्भाचा कावळा करू आणि उरकू. मुलगी रडायला लागली.

तेव्हा गोलकीपर पुढे आला. मागे हेल्मेट हातात धरून उभा होता. ते खाली ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "काकी, मी हंयच आसंय. तुज्या जाळ्यापुढे उभो रवतलंय. बॉल आत जावक दिवचंय नाय."

दोन कावळे एकदम उतरले. एकानं तर भाताचा अख्खा घास उचलून नेला. लोक रडले, मुलगी त्याच्या पाया पडायला गेली. मला रडू आलं नाही. चाळीस वर्षं मी तिच्याबरोबर जेवलो, निजलो, आणि माझ्या तीन शब्दांना कावळा हलत नाही आणि ह्याच्या बॉलाला हलतो. का हलला ते मला कळलं होतं. मीच तिच्या मनात ते तीन गोल घालून ठेवले होते. पण तसं कळल्यानं राग कमी होत नाही. वाढतो.

चवथ झाली आणि टीमला नवीन मॅनेजर आला. म्हापशाचा, टोपीवाला, गळ्यात शिट्टी. तालुक्याच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं म्हणाला. त्यानं पंधरा दिवस सगळ्यांना पळवलं आणि मग सांगितलं, गोलात दोडामार्गचा नवीन मुलगा उभा राहील. जुन्यानं बाहेर बसायचं.

हॉटेलात त्या संध्याकाळी पातळ भाजी संपली तरी माणसं उठेनात. रिटायर झालेला बस कंडक्टर जुन्याच्या बाजूचा. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "वीस वर्सां उभो आसा तो! ह्या पोराच्या तोंडाक अजून दूध आसा."

हॉटेलवाला नव्याच्या बाजूचा. कपात साखर ढवळत म्हणाला, "तोंडान काय खेळूचां आसा? आता गोलकीपर पायान खेळणारो होयो. तुज्या गोलकीपरची किक म्हणजे काजीर दगड मारल्यासारखी. बोंडां पडतत, बॉल काय आमच्या माणसाक गावना."

"घट्ट आसा तो. तुज्या चायपेक्षा घट्ट."

"घट्ट होतो. आता पातळ झालो."

सगळे हसले. कंडक्टर चिडला. "आणि कावळो? दहाव्याक अख्ख्या गावान बघितल्यान. कावळो साक्षीक आसा. दिलेलो शब्द मोडूचो?"

"कावळो काय टीमचो मॅनेजर?"

"मॅनेजरपरस शाणो आसा!"

मग दोघांनाही एकदम माझी आठवण झाली. कंडक्टर माझ्याकडे वळला. "तू सांग रे. तुज्या बायलेसाठी शब्द दिलेलो तेणां. तू सांगलंस तर मॅनेजर आयकतलो."

मी बशीतला चहा संपवला. म्हटलं, "काढल्यान तां बरां केल्यान. म्हातारो झालो तो."

 हॉटेलवाला माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. पण तो फडकं घेऊन टेबल पुसू लागला, आधीच पुसलेलं.

दोन दिवसांनी मॅनेजर घरी आला. गावात कावळ्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. चपला बाहेर काढून सोप्यावर टेकला आणि म्हणाला, "काका, मी बाहेरचा माणूस. मला कोणाचं मन दुखवायचं नाही. तुमच्या घरातल्या बाईंसाठी त्यानं शब्द दिलाय म्हणतात. तुम्ही म्हणाल तर यंदाचं वर्ष त्याला ठेवतो. मुलगा पुढच्या वर्षी."

एवढंच म्हणायचं होतं, ठेव. तोंड माझं होतं, शब्द फुकटचा होता. भिंतीवर तिच्या फोटोला अबोलीचा हार होता, तो कोणी घातला होता ठाऊक आहे? त्यानं. आदल्या आयतवारी तिचा पुता येऊन घालून गेला होता. मला चार महिन्यांत हार घालायचं सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "खुशाल काढा. मेलेल्या माणसाचं काही नसतं."

दिवाळीनंतर पहिली मॅच. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मधल्या रेषेवर जाऊन बसलो आणि गोलाकडे बघितलं. नवीन मुलगा उभा होता, हिरवे हातमोजे. आणि त्याच्यामागे पांढरं करकरीत नवीन जाळं. बाजारातलं. माणूस जाईल तसं जाळंही जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हाफटाईमला टीमांनी बाजू बदलल्या आणि रेफरीनं लगेच शिट्टी मारली. कोणाची वाट बघायचीच नव्हती. मैदान मोकळंच दिसलं मला, बावीस माणसं पळत असूनसुद्धा.

मॅच सुटल्यावर मॅनेजरला विचारलं, "जुनं जाळं?"

"ते कुजकं? काजीत टाकायला सांगितलं."

काजीत गेलो. जाळं नाही. पाला उपसला, कुंपणापर्यंत बघून आलो. एक खेळाडू सायकल काढत होता, तो म्हणाला, "जुन्या गोलकीपरान व्हेलां, काका. स्कूटरीर बांधून."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. बायकोचं हसणं घेतलंस, मासळीचा तुकडा घेतलास, कावळा घेतलास, आता जाळंही? तसाच चालत त्याच्या घरी गेलो.

तो सोप्यावर बसला होता. जाळं गुडघ्यांवर पसरलेलं. मी अंगणातूनच म्हटलं, "माज्या बायलेचां जाळां माका दी."

त्यानं मान वर केली. "या काका. बसा. जाळ्याची दोन घरां फाटलीहत, तेवढी करून देतंय."

मी बसलो, पळवून नेईल म्हणून राखण बसल्यासारखा. आणि मग त्याचा हात बघितला. सुई डाव्या हातात. दोरा करंगळीला एक वेढा, अंगठ्यानं दाबायचा, सुई खालून वर, आणि शेवटी मनगटाला एक झटका. तो झटका मी चाळीस वर्षं बघितला होता. घरात दिव्याखाली, अंगणात, सड्यावर लांबून. दुसऱ्या कोणाच्या अंगावर तो बघीन असं वाटलं नव्हतं.

"तू उजव्या हाताचो मा रे?" मी विचारलं.

"हां. पण ही गाठ माका डाव्यानच येता. मॅच सुटल्यार काकीच्या बाजूक बसून शिकलंय. तिचो हात बघून."

 ती गाठ कशी घालतात हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं ते दुसरंच, वीस वर्षं तुंबलेलं. "काय बोलत होतात तुमी दोघां? इतकी हसायची ती?"

"काय बोलतलों? माका गाळी घाली. पुता, डावो खांब सोडू नको. समोरच्या गोलकीपरच्या पोटाची नक्कल करी. मोरजेच्या गजाली. बापाशीन एकदा रापणीत मासळी सोडून कासव कसां ओढलेल्यान, तां तर धा वेळा सांगितल्यान."

 मग विचारलंच. "आणि माजां?"

त्यानं गाठ ओढून बघितली. "तुमचां काय बोललेली माका आठवना, काका."

त्याला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला चार गोड शब्द सांगायला काय पडतं? तुमचं रोज नाव काढायची, असं म्हणाला असता तर मी खूश होऊन जाळं घेऊन घरी गेलो असतो. त्यानं ते केलं नाही. आणि मी मात्र मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो होतो. ते मला त्याच्या सोप्यावर बसून पेलवेना.

"मॅनेजराक तुका काढूक मीच सांगितलंय," मी म्हटलं.

"ठावक आसा. तेणांच सांगितल्यान. माजो पाय वाकडो आसा, काका, तां काय खोटां नाय." हात चालूच होता.

मग मी हॉस्पिटलातलं सांगितलं. तिनं शुद्धीत असताना काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते, जसंच्या तसं. त्याचा हात थांबला. सुई जाळ्यात अर्धी अडकून राहिली. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, आमची तोंडं बघून ठेवून परत आत गेली. अंगणात त्याची कोंबडी पिल्लांना घेऊन फिरत होती, तिच्याकडे तो बघत राहिला. मला वाटलं, आता उठून दोन थोबाडीत मारेल. मारायला हव्या होत्या.

शेवटी म्हणाला, "तीन कशाक, काका? एक म्हटलात तरी पुरो होतो."

मी तिथे रडलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा. लहान पोराच्या वरताण. तो काही समजावायला आला नाही. रडून झाल्यावर त्यानं सुई सोडवली आणि माझ्यापुढे धरली. "धरा. डाव्यान. उजव्यान शिकवूक माका येना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, मी चुकलो, जुन्याला परत घ्या. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "काका, तेव्हा मी तुमच्या दारात आलो होतो. आता मुलगा बरा खेळला. त्याला काय सांगू? कावळा बदलला?" बरोबर बोलला तो. मोडलं ते मीच मोडलं होतं. मग मी म्हटलं, निदान जुनं जाळं उताराच्या तोंडावर बांधू द्या, गोलाच्या वरून गेलेला बॉल ओहोळात जातो तो अडेल. याला तो हो म्हणाला. मी आणि जुना गोलकीपर, दोघांनी बांबू पुरून ते बांधलं.

आता मॅच असली की मी दोन पाट घेऊन सड्यावर जातो. वाटेत हॉटेलवाला ओरडतो, "काय, आज गोलात कोण उभो आणि पाटार कोण बसलेलो?" आम्ही दोघं उताराकडच्या जाळ्याशी बसतो. त्या बाजूच्या गोलात आला की नवीन मुलगा आमच्या पुढे उभा असतो. त्याचा डावा खांब मोकळा राहिला की हा ओरडतो, "पुता, खांब!" आणि मला दर वेळी मान वळवून बघावं लागतं.

माझी गाठ अजून सरकते. तो ती सोडतो आणि पुन्हा घालतो. त्याची ओढून बघितली तरी हलत नाही, अगदी तिच्यासारखी. असं झालं की मला त्याचा हात तोडावासा वाटतो. खोटं कशाला लिहू?

परवा मी बांगडा आणला. तिच्यासारखे तीन तुकडे करून तळले, एका बाजूनं करपले. केळीच्या पानात पावाबरोबर बांधून नेले. हाफटाईमला पान उघडलं. तो बघत होता, मीही बघत होतो. मी मधला तुकडा उचलून तोंडात घातला आणि शेपटीकडचा त्याच्यापुढे केला.

त्यानं तो काटा न टाकता खाल्ला.